रेषेचं दाम : पालघरची कला आणि गावाचं अर्थकारण



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं आयुष्य याच भागातल्या मुलांना शिकवण्यात गेलं. त्यांना शोभेल असा विषय इथल्या माणसांच्या हातातल्या कामाचा आणि त्या कामाच्या दामाचाच असू शकतो. म्हणून आज मी कलेबद्दल बोलणार आहे, पण पोट भरणाऱ्या कलेबद्दल.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ हे वर्ष शाश्वत विकासासाठी सर्जनशील अर्थव्यवस्थेचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. चित्र, नक्षी, संगीत, हस्तकला यांतून रोजगार उभा राहतो, हे आता धोरणं आखणारेही मान्य करतात. मला त्यापुढचं काही सांगायचं आहे. कला गावाला जगवू शकते, पण एका अटीवर. कलाकाराचं नाव, त्याचा दर आणि त्याचा करार त्याच्या स्वतःच्या हातात असला पाहिजे. ही अट पाळली गेली नाही, तर कला हाही गावातून बाहेर जाणारा कच्चा माल ठरतो. आणि कच्चा माल बाहेर पाठवणं म्हणजे काय, हे पालघर जिल्ह्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असेल?

इथलं गवत मुंबईच्या तबेल्यांना गेलं. जंगलातलं लाकूड गेलं. सूर्या नदीवरच्या धरणाचं पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे वळवलं गेलं. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९पासून वीज बाहेर जाते आहे. आणि दरवर्षी भाताची कापणी उरकली, की जव्हार-मोखाड्याची कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांकडे निघतात. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून वेगळा होऊन आपला जिल्हा राज्यातला ३६वा जिल्हा झाला. नकाशा बदलला, तरी मालाची आणि माणसांची वाट तीच राहिली.

दर कसा मिळतो, याचा धडा मात्र याच मातीत आहे. १९४५ साली किसान सभेच्या झरीच्या परिषदेपासून शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने वारली उभे राहिले, तेव्हा वेठबिगार आणि लग्नगडी (लग्नाच्या कर्जापायी वेठीला बांधलं जाणं) या प्रथांविरुद्ध लढा झाला. त्याच लढ्यात गवतकापणीच्या मजुरीचा दर ठरवून मागितला गेला आणि त्यासाठी संप झाला. ऑक्टोबर १९४५मध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली, तरी संप मोडला नाही. त्या लढ्याने सांगितलेली गोष्ट आजही खरी आहे. काम करणाऱ्यांनी एकत्र बसून दर ठरवला नाही, तर तो दुसरा कुणीतरी ठरवतो. गवताच्या भाऱ्याचा दर आपल्या आजोबांनी मागून घेतला. चित्राच्या रेषेचा दर आपण अजून मागितलेला नाही.

ही रेषा मुळात आली कुठून? वारल्यांच्या घरी लग्न असलं, की कारवीच्या कुडाच्या भिंतीवर शेणाचा आणि गेरूचा हात फिरतो. तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात बांबूची काडी बुडवून सवाशिणी चौक, म्हणजे लग्नाचं विधीचित्र, काढतात. चौकात पालघाट देवी असते, शेजारी पंचशिऱ्या हा पाच शिरांचा देव असतो. लग्न लावणारी धवलेरी गाणं म्हणते, त्यानंतरच चौक पुरा होतो. तो चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे ही कला बायकांची होती, विधीची होती आणि तिला पैशाचा स्पर्शही नव्हता.

ती कागदावर आली, त्या कहाणीत एका मराठी माणसाचं नाव आदराने घ्यावं लागतं. ते म्हणजे भास्कर कुलकर्णी. १९६६-६७च्या दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या वतीने पुपुल जयकरांनी त्यांना बिहारमध्ये मधुबनीला पाठवलं होतं. शेती करपलेली होती. भिंतीवर चित्रं काढणाऱ्या बायकांच्या हातात कागद द्यावा आणि त्या कागदाचे पैसे व्हावेत, अशी ती कल्पना होती. दुष्काळी कामावर खडी फोडणं हाच मार्ग सरकारला माहीत असलेल्या काळात चित्राला दुष्काळी काम मानलं गेलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. काही वर्षांनी, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर आले. इथे त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले.

जिव्यांचा जन्म १९३४चा, तलासरीकडच्या धामणगावचा. संसार डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या कळंबीपाड्यावर. लहानपणी आई गेली आणि मुलाचं बोलणंच थांबलं. मातीत चित्रं काढून तो मनातलं सांगू लागला. जे काम सवाशिणींचं, ते एका पुरुषाने हाती घेतलं आणि लग्नाच्या चौकाबाहेरचं जग त्यात आणलं. मासेमारीचं जाळं, भाताची लावणी, मुंग्यांची रांग, तारपा या वाद्याभोवती फिरणारा नाच, सगळं त्यात आलं. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली. २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांच्या कामाशेजारी त्यांचं काम मांडलं गेलं. २००९मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार मिळाला, २०११मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ला ते गेले.

त्यांच्यामागोमाग गंजाड आणि आसपासच्या पाड्यांवरचे कितीतरी तरुण चित्रकार झाले. काहींनी घरं बांधली, मुलं शिकवली, परदेशी प्रदर्शनांना गेले. बांधकामावर किंवा भट्टीवर जाण्याऐवजी घरी बसून कमावता येतं, हे एका पिढीने डोळ्यांनी पाहिलं. ग्रामीण विकासात कलेचं स्थान काय, असं कुणी विचारलं तर मी आधी हे दाखवीन.

पण त्याच्याच शेजारी दुसरं चित्र आहे. आज वारली आकृत्या कुठे नाहीत? साडीवर, कुर्त्यावर, चहाच्या कपावर, मोबाइलच्या कव्हरवर, हॉटेलच्या भिंतीवर, रेल्वे स्थानकावर, जाहिरातीत. यांतल्या किती वस्तूंचा एक पैसा तरी पाड्यावर आला? छपाईचा कारखाना कुठल्या दूरच्या शहरात, चित्र संगणकावर उतरवलेलं, आणि वाजवणारा तारपा कुठल्या बाजूने धरतो हेही काढणाऱ्याला माहीत नाही. बाजारात नाव झालं ते बहुतेक पुरुषांचं. जिच्या हातून चौक उतरला ती सवाशीण मागेच राहिली.

यावर आपल्याकडच्या लोकांनी काही केलंच नाही, असं नाही. आदिवासी युवा सेवा संघाने पुढाकार घेतला आणि २०१३-१४मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. ही मोठी गोष्ट आहे. पण जीआयची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. १९९९च्या कायद्याने संरक्षण मिळतं ते नावाला. या प्रदेशाबाहेरच्या मालावर कुणी 'वारली' हे नाव लावलं, तर त्याला अडवता येतं. नाव न लावता त्रिकोणाची माणसं छापली, तर जीआय तिथे कमी पडतो. शिवाय जीआयचा नोंदणीकृत मालक एक असतो आणि तो वापरण्याचा अधिकार असलेले वापरकर्ते वेगळे नोंदवावे लागतात. पाड्यावरच्या चित्रकाराने ती नोंदणी केली नाही, तर त्याच्याच कलेच्या नावाचं चिन्ह त्याच्या मालावर येत नाही. नोंदणी दहा वर्षांची असते, मग तिचं नूतनीकरण करावं लागतं. जीआय हे दार आहे. ते उघडून आत बाजार आणायचं काम आपल्यालाच करायचं आहे.

दुसरा कायदा १९५७चा कॉपीराइटचा. तो प्रत्येक चित्रकाराला माहीत हवा, म्हणून त्यातल्या चार गोष्टी इथे सांगतो. पहिली : चित्र काढलं त्या क्षणी त्याचा हक्क निर्माण होतो, त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. दुसरी, सगळ्यांत महत्त्वाची : कुणी पैसे देऊन सांगून चित्र काढून घेतलं आणि उलट करार केलेला नसेल, तर त्या चित्राचा पहिला मालक काढून घेणारा ठरतो. म्हणजे बिनकराराच्या कामात भिंतही त्याची आणि रेषाही त्याची. तिसरी : हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांपुरताच मानला जातो. चौथी : हक्क विकला तरी हे चित्र माझं आहे असं म्हणण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. हे चार नियम ज्याला कळले, तो पुढच्या वेळी कोऱ्या कागदावर सही करणार नाही.

कागदाबद्दल या भागात जुनी भीती आहे आणि ती साधार आहे. सावकाराच्या कागदावर अंगठा उमटला आणि जमीन गेली, ही आठवण घराघरात आहे. म्हणून करार इंग्रजीत, घाईत, कुणाच्या कार्यालयात होता कामा नये. तो मराठीत लिहिलेला असावा, मोठ्याने वाचून दाखवलेला असावा, आणि त्यात दोन दाम वेगवेगळे लिहिलेले असावेत : हाताचं दाम आणि रेषेचं दाम. आज भिंतीचं काम चौरस फुटावर ठरतं. चौरस फुटाने भिंत मोजली जाते, चित्र मोजलं जात नाही. एका भिंतीसाठी दिलेल्या पैशात तीच आकृती दहा हजार पिशव्यांवर छापायची मुभा मिळते, हा व्यवहार नाही. भिंतीचे पैसे वेगळे आणि प्रत्येक छापील नगामागे हक्काचे पैसे वेगळे, हा व्यवहार.

आता मी चित्रकलेकडून आपल्या अगदी शेजारच्या एका धंद्याकडे वळतो. सर्जनशील उद्योगांच्या यादीत त्याचं नाव सहसा कुणी घेत नाही. चिंचणी, वरोर, वाढवण, डहाणू खाडी या किनाऱ्यावरच्या गावांत घरोघरी डायमेकर आहेत. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने नक्षी कोरायची, तिचा ठसा तयार करायचा, आणि त्या ठशावर सोन्या-चांदीचा पातळ पत्रा दाबून दागिन्याचा आकार उठवायचा. मुंबईच्या सराफांच्या काचेमागे जे फूल, जी वेल, जी कैरी दिसते, तिचा उलटा आकार आधी या किनाऱ्यावर कुणाच्या तरी पडवीत पोलादात उतरलेला असतो. ही रचनाकारांचीच वस्ती आहे. घरात बसून होणारं, धूर न सोडणारं, कौशल्याचं काम. आता संगणकाने चालणारी यंत्रं तीच नक्षी कोरू लागली आहेत, आणि ३० ऑगस्ट २०२४ला ज्याची पायाभरणी झाली त्या सुमारे ७६ हजार कोटींच्या वाढवण बंदराचा प्रश्नही याच गावांसमोर आहे. बंदराला विरोध करणाऱ्यांत मच्छीमार आणि बागायतदारांबरोबर डायमेकर होते, ते उगाच नाही.

डायमेकरला कायद्याचा फटका वेगळ्या जागी बसतो. ज्या नक्षीची 'डिझाइन' म्हणून नोंदणी होऊ शकते पण केलेली नाही, तिच्या वस्तू मालकाने किंवा त्याच्या परवानगीने यंत्रावर पन्नासहून जास्त वेळा काढल्या, की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. डायचं तर कामच शेकडो नग काढण्याचं. २०००च्या डिझाइन कायद्याखाली नोंद केली तर दहा वर्षं, आणि वाढवून घेतली तर आणखी पाच वर्षं हक्क राहतो. नक्षी बाजारात जाण्याआधी ही नोंद व्हावी लागते. एकट्या कारागिराला ते झेपणार नाही. चार गावांच्या डायमेकरांनी मिळून एक माणूस या कामाला ठेवला, तर झेपेल.

आता तारापूरकडे पाहू. आपली एमआयडीसी रसायनांसाठी ओळखली जाते, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या मोजणीत ती देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत प्रदूषणात सर्वांत वर होती, हे दुःखाने नमूद करावं लागतं. पण तिथे कापडाचे कारखाने आहेत, पोलादाचे आहेत, वेष्टनं छापणारे आहेत. वारली चित्रकाराला कापड लागतं, डायमेकरला पोलाद लागतं, आणि कारखान्याला नक्षी लागते. एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर हे सगळं आहे. मग बोईसरच्या कारखान्यातल्या कापडावर गंजाडची रेषा, गंजाडच्या नावाने आणि करारावर का छापली जात नाही?

उत्तरादाखल मला नेहमी सामाजिक दायित्वाचा, सीएसआरचा, निधी दाखवला जातो. कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमाप्रमाणे मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते, त्यात पारंपरिक कला आणि हस्तकलांचा विकास हे काम मोडतं, आणि कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायदा सांगतो. त्या निधीतून कारागिरांसाठी कार्यशाळा, कायद्याचं शिक्षण, कागद-रंग जरूर यावेत. पण एका दिवसाची कार्यशाळा आणि शाल-श्रीफळ यांनी कुणाचं घर चालत नाही. मला कारखान्याच्या दानविभागाशी जेवढं बोलायचं आहे, त्याहून जास्त खरेदीविभागाशी बोलायचं आहे. दिवाळीच्या भेटवस्तू, कॅलेंडरं, डब्यांवरची नक्षी, कामगारांच्या वसाहतीच्या भिंतींची रंगरंगोटी, हे सगळं कारखाने विकत घेतातच. ते इथून घ्या. आम्हाला गिऱ्हाईक हवं आहे.

हे जगात कुठे झालं आहे का? झालं आहे. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या पापुन्या या वस्तीत १९७२ साली आदिवासी चित्रकारांनी 'पापुन्या टुला' ही स्वतःची कंपनी काढली. तिचे भागधारक आदिवासीच आहेत, आणि ती आजही चालते. त्या देशातल्या आदिवासींची चित्रं परवानगीशिवाय व्हिएतनाममध्ये गालिच्यांवर विणून विकली गेली, तेव्हा चित्रकार आणि त्यांचे वारस न्यायालयात गेले आणि १९९४मध्ये जिंकले. आणि २०१०पासून तिथे चित्र पुन्हा विकलं गेलं, की किमतीचा पाच टक्के वाटा चित्रकाराला देण्याचा कायदा आहे. आपल्याही कॉपीराइट कायद्यात फेरविक्रीच्या वाट्याची तरतूद आहे, दहा हजारांवरच्या मूळ चित्रांसाठी. त्यांनी तशी तरतूद मागून घेतली. आपण आपल्या तरतुदीचं नावही ऐकलेलं नाही.

एक आक्षेप नेहमी येतो आणि तो प्रामाणिक आहे. विधीची कला बाजारात नेली, तर ती बाटणार नाही का? मला वाटतं, लग्नाचा चौक घरातच राहावा आणि तो विकायचा की नाही, हे सवाशिणींनी आणि धवलेरींनी ठरवावं. हीच गोष्ट जव्हार-मोखाड्याच्या बोहाडा या उत्सवातल्या मुखवट्यांची. वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांसारख्या वादकाच्या तारप्याला संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला, पण दुधी भोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण जुळवून तारपा करणारा पुढचा हात कुठून येणार, हे गावालाच पाहायचं आहे. काय देवाचं आणि काय बाजाराचं, हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याच्याकडे राहिला, की कला बाटत नाही.

दुसरा आक्षेप मी स्वतःच घेतो. कलेच्या नावाखाली कुणी जमिनीचा, वनहक्काचा आणि पाण्याचा प्रश्न बाजूला सारू पाहत असेल, तर त्याला ठामपणे नाही म्हणा. प्रत्येक घरात चित्रकार निर्माण होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. भात, चिकू, मासळी, जंगल यांच्या जोडीला कलेची कमाई उभी राहिली, तर घराला आधार होतो. १९९१पासून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून राखला आहे. तिथे मोठ्या धुराड्यांना मर्यादा आहे. तिथल्या तरुणांना कामाचे जे मार्ग खुले राहतात, त्यांत कला हा भक्कम मार्ग आहे.

मग करायचं काय? आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीच्या पेसा कायद्याच्या चौथ्या कलमाने ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार दिला आहे. तो आजवर ठरावाच्या वहीतच राहिला. ग्रामसभेने आपल्या गावच्या चित्रकारांची, तारपा करणाऱ्यांची, मुखवटे घडवणाऱ्यांची नोंदवही ठेवावी, आणि त्यात बायकांची नावं आधी लिहावीत. जीआयचे अधिकृत वापरकर्ते म्हणून त्या सगळ्यांचे अर्ज एकत्र जावेत. दोन दामांचा मराठी नमुना-करार पंचायतीत मिळावा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती. कायदा आणि बाजारही तसेच पाड्यावर गेले पाहिजेत, चित्रकाराला मुंबईच्या वाऱ्या कराव्या लागू नयेत.

आणि वेळ सांभाळली पाहिजे. वीटभट्टीचा मालक दिवाळीच्या सुमारास पाड्यावर येतो आणि उचल देतो. उचल घेतली, की कुटुंब बांधलं जातं, मुलाची शाळा सुटते आणि पावसाळ्यापर्यंत घराला कुलूप लागतं. त्याच दिवसांत चित्रांच्या कामाची मागणी आगाऊ रकमेसह आली, तर ती उचल घ्यायची वेळ येणार नाही. कला गावाच्या अर्थकारणाला किती उपयोगी पडली, हे मोजायचं माझं माप हेच आहे : पौष महिन्यात किती मुलं आपल्या शाळेच्या हजेरीपटावर आहेत.

म्हणून या व्यासपीठावरून माझी मागणी नेमकी आहे. तारापूरच्या कारखान्यांनी, जिल्हा परिषदेने आणि पालघरच्या सरकारी कार्यालयांनी आपली वर्षभराची चित्रांची, नक्षीची आणि भेटवस्तूंची खरेदी दसऱ्याआधी ठरवावी, ती ग्रामसभांच्या नोंदवहीतल्या कलाकारांकडून करावी, करार मराठीत करावा आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवं महामंडळ लागत नाही. यंदाच्या दसऱ्याला पहिला करार वाचला जाईल, तेव्हा तो ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचला जावा, आणि सही करणाऱ्यांत चौक काढणारी एक सवाशीण असावी. त्या कामाला आपण सगळे लागू या.